शब्दचर्चा : हौसा, हौसाबाई, हौसाक्का

प्रश्न

भावाला मुलगी झाली. येत्या रविवारी कोल्हापुरात शिवाजी पेठेत घरीच बारसं आहे आणि आत्या म्हणून कानात नाव मी सांगायचंय. भावाला आमच्या पणजीचं नाव ठेवायचंय : हौसा. वहिनीला पसंत आहे, वडील तर हरखून गेलेत. पण वहिनीची बहीण भोपाळला असते, तिनं फोनवर सांगितलं की हिंदीत या नावाचा भलताच अर्थ लागेल. धाकटे काका म्हणतात, 'नकुसा'च्या पंगतीतलं जुनाट नाव आहे हे, पोरीला आयुष्यभर लोक हसतील. पणजीच्या रेशनकार्डावर 'हौसाबाई' आहे. तिच्या लग्नात मिळालेल्या पितळी डब्यावर मात्र ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत 'चि. सौ. कां. हौसा' असं कोरलंय. भावकीत अजूनही तिचा विषय निघाला की 'हौसाक्का' म्हणतात. या शब्दाचा नेमका अर्थ काय आणि यातलं खरं नाव कुठलं धरायचं?

उत्तर

ताई, अभिनंदन. आधी काकांचं बघू, कारण त्यांचा गैरसमज मोठा आहे. नकुसा आणि हौसा ही दोन टोकं आहेत. मुलगा हवा असताना पुन्हा मुलगीच झाली की 'आता नको' म्हणून नकुसा किंवा नकुशी. ते नाव त्या मुलींना सलत होतं, म्हणून तर 2011 साली सातारा जिल्ह्यात समारंभ करून अशा 280 हून अधिक मुलींची नावं बदलली. दगडू, धोंडू यांची गोष्ट तिसरीच. आधीची मुलं दगावलेली असायची, आता हे तरी काळाच्या नजरेत भरू नये म्हणून दगडाधोंड्याचं नाव. त्यात हेटाळणी नव्हती, भीती होती.

हौसा म्हणजे हौसेची, आईबापांना हवी होती म्हणून आलेली. ज्या काळात मुलगी झाली की घर गप्प व्हायचं, त्या काळात कुणीतरी तुमच्या पणजीचं नाव हौसा ठेवलं. याहून चांगली शिफारस कुठल्या नावाला असेल असं मला वाटत नाही. हे नाव फक्त बायकांपुरतंही नव्हतं, हौसेराव आणि हौशीराम ही पुरुषांची नावं आपल्याकडे होतीच.

आता भोपाळचा मुद्दा. 'हौस' मूळची अरबी 'हवस', फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आली. हिंदीत तिचा अर्थ लोभ, वासना असा होत गेला. मराठीत तीच निर्मळ राहिली. आपण लेकीची हौस पुरवतो, लग्नात हौसमौज करतो, नोकरी सांभाळून नाटक करणाऱ्यांची राज्य नाट्यस्पर्धा 'हौशी' म्हणवते. कुणी खर्चाचा हिशोब विचारायला लागला की 'हौसेला मोल नाही' म्हणून त्याला गप्प बसवतो. जोतिबाच्या चैत्र यात्रेत हौसे, नवसे, गवसे असे तिन्ही प्रकारचे लोक डोंगर चढतात. नवसे आलेले असतात बोललेलं फेडायला, गवसे काही हाताला लागतंय का बघायला. ज्याला देवाकडून काही नको आणि देवाचं काही देणंही नाही, नुसता आनंदानं गुलालात न्हायला आलाय, तो हौशा. मराठीत या शब्दाला इतकी चांगली जागा आहे. शिवाय उच्चारही वेगळा : तिकडे 'हवस', इकडे 'हौसा'. भोपाळच्या मावशीला एकदा अर्थ नीट सांगा, त्या पुढच्या चौघांना सांगतील.

आणि शाळेत कुणी विचारलंच तर पोरीला सांगायला एक हौसाबाई आहेत. क्रांतिसिंह नाना पाटलांची लेक, हौसाबाई पाटील. जन्म 1927 चा. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या. इंग्रजांविरुद्ध उभारलेल्या प्रतिसरकारच्या धामधुमीत भवानीनगरच्या पोलीस ठाण्यापाशी त्यांनी नवरा मारतोय असं सोंग उभं केलं, पोलीस भांडण सोडवायला बाहेर आले आणि तेवढ्यात साथीदारांनी आतली हत्यारं लांबवली. 2021 साली त्या गेल्या. हे नाव कुणाला हसण्यासारखं वाटत असेल तर त्याला एवढी गोष्ट ऐकवा.

खरं नाव कुठलं, याचा पुरावा डब्यावर आहे : हौसा. 'बाई' हा मान आहे, लग्नानंतर आणि वयाबरोबर चिकटतो, सरकारी कागदावर तर हमखास. 'अक्का' म्हणजे थोरली बहीण, कानडीतून आलेलं, आपल्या भागात नावाला जोडून बोलायची रीतच. दोन्ही गोष्टी माणूस कमावतो, पाळण्यात ठेवायच्या नसतात.

गडहिंग्लजकडून

अर्थाबद्दल सहमत. पण नाव मूल वागवतं, आपण नाही. 'हौसा' वर्गात एकटीच असेल. मधला मार्ग म्हणून पत्रिकेतलं किंवा पाळण्यातलं नाव हौसा ठेवा आणि दाखल्यावर आजचं एखादं घाला. आमच्याकडे असंच केलंय आणि घरचे सगळे समाधानी आहेत.

पुन्हा पहिले उत्तरकर्ते

तुमच्या घरी जमलं, आनंद आहे. माझं मत मात्र वेगळं आहे. पाळण्यातलं नाव पाळण्यातच राहतं. वर्षभरात घरातसुद्धा कुणी त्या नावानं हाक मारत नाही. मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नाव चालवणे' हे वेगवेगळे प्रयोग आहेत. ठेवायला बाराव्या दिवसाची एक सकाळ पुरते. चालवायचं तर ते दाखल्यावर, हजेरीपटावर, दारातल्या पाटीवर यावं लागतं.

कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको, आपली गादीच चालवलेल्या नावांची आहे. शिवरायांचे थोरले बंधू संभाजीराजे कनकगिरीच्या लढाईत पडले आणि 1657 साली शिवरायांना मुलगा झाला तो संभाजी. महाराज 1680 मध्ये गेले, 1682 मध्ये नातू झाला, नाव शिवाजी; हेच पुढे साताऱ्याचे शाहू. राजाराम महाराज आणि ताराराणींचा मुलगा, तोही शिवाजी. राजारामांच्याच दुसऱ्या एक राणी राजसबाई, त्यांचा मुलगा पुन्हा संभाजी, सातारा-कोल्हापूरच्या 1731 च्या वारणेच्या तहातले ते हेच. आणि 1884 साली कागलकर घाटग्यांचे यशवंतराव दत्तक आले तेव्हा त्यांना शाहू हेच नाव मिळालं. नुसतं आठवणीपुरतं ठेवलं असतं तर ही नावं आज घरोघर दिसली नसती. ज्यांनी ती धारण केली त्यांनी ती वापरली, मोठी केली.

वर्गात एकटी असेल, हे खरं. पण एका वर्गात एकाच नावाच्या चार मुली आणि आडनावाच्या आद्याक्षरानं त्यांना ओळखायचं, हेही आपण बघतोच आहोत.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. काकांना हे सगळं वाचून दाखवलं, ते आता 'बघा तुमचं तुम्ही' इथपर्यंत आलेत. एक अडचण राहिली. आजी, म्हणजे पणजीची सून, अजून आहे. ती म्हणते, "सासूचं नाव मी जन्मात कधी तोंडातनं काढलं न्हाई, आता पोरीवर वरडू कशी?" यावर काय करतात? आणि 'हौसेला' म्हणायचं की 'हौसाला'?

मंगळवार पेठेतून

आजींचं म्हणणं अगदी बरोबर आहे, त्यांच्यावर जबरदस्ती करू नका. म्हणूनच तर आपल्याकडे घराघरात आबा, आप्पा, तात्या, आक्का नावाची लहान पोरं असायची. आजोबांचं नाव नातवाला ठेवलं की आईला त्याला हाक मारता यायची नाही, कारण ते सासऱ्याचं नाव. मग तिनं 'आबा' म्हणायचं. कमरेएवढ्या पोराला "आबा, कौलावरनं उतरतोस का येऊ वर?" अशी हाक आमच्या बोळात मी स्वतः ऐकलीय, आणि दटावतानाही त्या हाकेत मान असायचा. आजींना 'आक्का' म्हणू दे. बाकीच्यांनी हौसा म्हणा. पोरीला दोन्ही हाका आपल्या वाटतील.

व्याकरणाचं. माणसांच्या नावांना आता आपण रमाला, उषाला असंच म्हणतो. सीतेला, गंगेला हे जुनं वळण. तेव्हा 'हौसाला शाळेत सोडलं' हे बरोबर. जुन्या वळणानं 'हौसेला' म्हटलंत तरी चूक नाही. मग 'हौसेला मोल नाही' ही म्हण तुमच्या घरात दोन्ही अर्थांनी खरी ठरेल. हाक मारताना मात्र जुनं रूपच गोड लागतं : "हौसे, ये गं जेवायला." आकारान्त नावांची ही हाक शहरात ऐकू येईनाशी झालीय, तुमच्या घरात तरी टिकू दे.

आणि दाखल्याची घाई करू नका. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी, पण ती नावाशिवायही होते. नोंदीपासून 12 महिन्यांपर्यंत नाव फुकट घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. काकांना तेवढा वेळ पुरे. अर्जात 'हौसा' एवढंच लिहा आणि 'बाई' कुणी आपणहून जोडलेलं नाही ना, हे दाखला हातात पडल्यावर खिडकीपाशीच तपासून घ्या.