पत्ता : ९९ एपीओ — वडील लढाईवर असतानाचे घर

१९७१च्या डिसेंबरात, भारत-पाकिस्तान युद्धाच्या वेळी, ज्यांचे वडील सैन्यात होते, त्यांनी लढाईपेक्षा त्या दिवसांतल्या आपल्या घराविषयी लिहावे, ही विनंती. सुरुवात मी करतो.

आमचे गाव कोरेगाव तालुक्यातले. आबा मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत, नाईक होते. त्यांच्या पत्त्यात गाव किंवा जिल्हा नसे. नंबर, नाव, पलटण आणि ‘९९ एपीओ’ (पूर्वेकडच्या सैन्याचे टपालघर) एवढेच, त्यामुळे माणूस पूर्वेकडे आहे यापलीकडे घरात कोणाला काही ठाऊक नव्हते. पत्र पोस्टमन ओसरीवर बसून वाचून दाखवी. आजी ‘पुन्यांदा वाच’ म्हणे आणि आई दाराआड उभी राहून ऐके, कारण सासऱ्यांसमोर नवऱ्याचे पत्र ऐकायला बसण्याची रीत नव्हती. नोव्हेंबरअखेर पत्रे थांबली, मग डिसेंबरात मनिऑर्डर आली. पैसे आले म्हणजे माणूस खुशाल आहे, असे आजोबांनी गावभर सांगितले. ते पैसे लढाईला तोंड लागण्यापूर्वी निघालेले असणार, हे आईने ओळखले होते. पण ती बोलली नाही, आणि आम्हाला तरी तिने हे वीस वर्षांनी सांगितले. पलटणीने ब्रह्मपुत्रा ओलांडून आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरचा मागचा रस्ता अडवला, ११ डिसेंबरला जमालपूर पडले आणि तिथून पलटण ढाक्याला पोहोचली, हे मी मोठेपणी वाचले. आबांना खोदून विचारले, तर ‘पाणी लई गार होतं’ एवढेच उत्तर मिळे.

*

माझे वडील नौदलात होते व आम्ही मुंबईत कुलाब्याला राहत होतो. खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवलेले असत आणि भोंगा झाला की आई आम्हाला जिन्याखाली नेई. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ ‘खुकरी’ ही आपली युद्धनौका बुडाली आणि १८ अधिकारी व १७६ नौसैनिक गेले. वडील दुसऱ्या जहाजावर होते. खालच्या मजल्यावरच्या मावशींचे यजमान ‘खुकरी’वर होते. वडील सुखरूप परतले त्या दिवशी आईने गोडाचे काही केले नाही, ओवाळलेसुद्धा दार लावून घेऊन. पुढे कित्येक दिवस आमचा रेडिओ जेमतेम ऐकू येईल इतकाच लागे. मावशी गावी गेल्या तेव्हा वडील सामान उचलायला खाली गेले नाहीत, याचा मला राग आला होता. आता येत नाही.

*

लढाई १६ डिसेंबरला संपली, असे सगळे म्हणतात. आम्ही अकोल्याचे, बाबा महार रेजिमेंटमध्ये होते. ढाक्याला पाकिस्तानी सैन्याने शस्त्रे खाली ठेवली, पण सुमारे ९३,००० युद्धकैदी भारतात आले आणि त्यांच्या छावण्यांवर पहारा द्यायला माणसे लागली, त्यांत बाबांची नेमणूक झाली. ते रजेवर आले तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. घर एकत्र कुटुंबाचे, चुलतभावंडे त्यांना ‘काका’ म्हणत, म्हणून मीही ‘काका’च म्हणू लागलो. आईने दोनदा रागे भरले. बाबा तिला म्हणाले, ‘राहू दे, हाक तर मारतो ना.’ पहिलीत जाईपर्यंत मी त्यांना काकाच म्हणत होतो.