उमादेवी ते टुनटुन : दीड तासाच्या कार्यक्रमासाठी गाणी, प्रसंग आणि खबरदारी

रविवारचा_श्रोता

आमच्या वाचनालयात पुढच्या महिन्यात गायिका आणि पुढे विनोदी अभिनेत्री झालेल्या उमादेवी ऊर्फ टुनटुन यांच्यावर दीड तासाचा कार्यक्रम आहे. साठ-सत्तर श्रोते असतील, बहुतेक साठी ओलांडलेले. पडदा, प्रोजेक्टर आणि दोन स्पीकर आहेत. एक हौशी गायिका 'अफसाना लिख रही हूँ' प्रत्यक्ष म्हणणार आहे. गाणी कोणती घ्यावीत, विनोदी प्रसंग किती दाखवावेत, आणि नेटवर मिळणाऱ्या माहितीत काय चुकीचं असतं? गायिकेसाठीही काही सूचना असतील तर हव्या आहेत.

---

तबकडी_७८

आधी वेळेचं गणित. त्या काळच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटं मावत. आठ गाणी पूर्ण वाजवली तरी पंचवीस-सव्वीस मिनिटं होतात. तेव्हा गाणी अर्धवट तोडू नका. मुखडा आणि एक अंतरा ऐकवून पुढे पळणारे कार्यक्रम श्रोत्याला उपाशीच ठेवतात.

सुरुवात 'दर्द' (१९४७) पासून करा. दिग्दर्शक कारदार, संगीत नौशाद, आणि गीतकार शकील बदायुनी यांचा हा पहिलाच चित्रपट. 'अफसाना' पहिल्यांदा ऐकवताना पडदा कोरा ठेवा. चित्र लावलंत की पडद्यावर हे गाणं म्हणणाऱ्या अभिनेत्री मुनव्वर सुलताना दिसतात आणि लक्ष चेहऱ्याकडे जातं. त्याच चित्रपटातलं 'बेताब है दिल' हे सुरैयांबरोबरचं द्वंद्वगीत लगेच जोडून घ्या. दोन आवाज शेजारी ठेवून ऐकायला याहून चांगली जागा नाही. सुरैयांचा आवाज गोल आणि भरलेला, उमादेवींचा त्याहून बारीक, धारदार, थोडा नाकातून येणारा. एकदा ही ओळख कानाला पटली की पुढची गाणी श्रोते आपणहून ओळखतात.

मग 'नाटक' (१९४७) मधलं 'दिलवाले दिलवाले', मेहबूब खान यांच्या 'अनोखी अदा' (१९४८) मधली 'काहे जिया डोले' आणि 'दिल को लगा के हमने कुछ भी न पाया'. शेवटी मद्रासच्या जेमिनी स्टुडिओचा 'चंद्रलेखा' (१९४८), त्यातलं 'सांझ की बेला'. निर्माते-दिग्दर्शक वासन यांच्या या चित्रपटासाठी गाताना कारदारांशी असलेला करार मोडला आणि त्याने पुढची कामं कमी झाली, असं सांगितलं जातं. ते 'सांगितलं जातं' असंच म्हणा. खात्रीने सांगता येतं ते एवढं, की १९४९ साली 'महल', 'अंदाज' आणि 'बरसात' आले आणि तार सप्तकात सहज फिरणारा लताबाईंचा आवाज हेच नायिकेच्या गाण्याचं माप ठरलं. मधल्या पट्टीत सरळ गाणाऱ्या आवाजासाठी चाली बांधणंच कमी झालं.

आता चुका. तीन नेहमी भेटतात.

'अफसाना' सुरैयांच्या नावावर चढवलेलं असतं, कारण 'दर्द'मध्ये त्या आहेत. ते उमादेवींचंच आहे.

दुसरी चूक कलकत्त्याच्या न्यू थिएटर्स या चित्रसंस्थेच्या गायिका-अभिनेत्री उमा शशी यांच्याशी होणारा घोळ. 'चंडीदास' (१९३४) मधल्या सैगल यांच्याबरोबरच्या गाण्यापुढे कुणी 'उमादेवी' लिहिलं असेल तर सन बघा. आपल्या उमादेवींचा जन्म ११ जुलै १९२३ चा, म्हणजे तेव्हा त्या अकरा वर्षांच्या, आणि कलकत्त्यात नव्हे तर अमरोह्याच्या बाजूला एका खेड्यात. त्यांचं पहिलं स्वतंत्र गाणं 'वामिक अझरा' (१९४६) मधलं. त्याआधीचं काहीही त्यांच्या नावावर दिसलं तर बाजूला काढा. 'नीचा नगर'मधल्या उमा आनंद याही वेगळ्या.

तिसरी चूक आवाजाच्या वेगाची. डीव्हीडीवरून उचललेल्या बऱ्याच प्रतींत सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट २५ ने धावतो. गाणं ४ टक्के जलद होतं आणि पट्टी अर्ध्या स्वराच्या पाऊणपटीहून थोडी कमी एवढी वर चढते. मुळातच बारीक असलेला आवाज त्यामुळे किनरा वाटतो आणि श्रोता नाक मुरडतो. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या संगणक-प्रणालीत वेग बदलण्याचा पर्याय निवडून ०.९६ ने गुणा. फक्त लय बदलणारा पर्याय घेऊ नका, त्यात पट्टी तशीच राहते. खरखर काढतानाही हात राखून. यंत्राने जास्त घासलं की 'स', 'श'ची धार जाते आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. थोडी खरखर राहिली तरी चालेल, हे श्रोते तिला सरावलेले आहेत.

---

मागची_रांग

विनोदी भागाबद्दल. 'बाबुल' (१९५०) पासून सुरुवात करा. नौशाद यांनीच त्यांना अभिनयाकडे वळवलं, आणि टुनटुन हे नावही इथूनच. या चित्रपटात दिलीपकुमार आणि नर्गिस यांच्याबरोबर मुनव्वर सुलताना आहेत. तीन वर्षांपूर्वी जिला आपण आवाज दिला, तिच्याच चित्रपटात उमादेवी चेहरा घेऊन उतरल्या, आणि आवाज तलत, शमशाद आणि लता यांचे. ही गोष्ट निवेदनात नुसती सरळ सांगितली तरी सभागृह शांत होतं. त्यावर अलंकार चढवू नका.

पुढे गुरुदत्त यांचे 'आरपार' (१९५४), 'मिस्टर अँड मिसेस ५५' (यात त्या लिली डिसिल्व्हा) आणि 'प्यासा' (१९५७, पुष्पलता). तिन्हींचे संवाद अबरार अल्वी यांचे. भूमिका लहान आहेत, पण त्यांचं बोलणं लक्ष देऊन ऐका : एकही शब्द गिळलेला नाही. गायिकेचा श्वास आणि शब्दफेक इथे कामाला आली आहे. आवाज चढवला तरी वाक्याचं शेवटचं अक्षर ऐकू येतं, आणि विनोदात ते अक्षर गेलं की हशा गेला.

तुकडे कापताना दोन गोष्टी. त्यांच्या प्रवेशाच्या क्षणी कापू नका, किमान पंधरा सेकंद आधीपासून घ्या. आधीचं सरळ चाललेलं बोलणं ऐकलेलं नसेल तर त्यांच्या येण्याने जे विस्कटतं ते कळतच नाही. आणि शेवटच्या वाक्यानंतर तीन-चार सेकंद चित्र राहू द्या, हसू तिथे येतं. चार तुकडे, प्रत्येकी दोन-तीन मिनिटांचे, पुरे.

प्रोजेक्टर आदल्या दिवशी तपासाच. हे चित्रपट जवळजवळ चौकोनी चौकटीचे, ४:३ च्या मापाचे. प्रोजेक्टर १६:९ ला ताणून दाखवत असेल तर प्रत्येक माणूस एक-तृतीयांशाने जास्त रुंद दिसतो. त्यांच्या बाबतीत हा अन्यायच आहे. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या की माप बरोबर.

माझा एक आग्रह आहे. नंतरच्या दशकांतल्या चित्रपटांत नुसतं त्यांच्या अंगावर हसवणारे प्रसंग ढिगाने आहेत. ते घेऊ नका. भगवानदादा, धुमाळ, मुकरी, जॉनी वॉकर यांच्याबरोबर जिथे बरोबरीची देवाणघेवाण आहे तिथेच त्या अभिनेत्री म्हणून दिसतात. भगवानदादा आणि धुमाळ ही आपलीच माणसं, श्रोत्यांना तो धागा लगेच सापडेल.

फलकावर 'टुनटुन' लिहा. मराठीत 'टुणटुण' रूढ झालंय, बहुधा म्हातारीच्या भोपळ्याच्या 'टुणुक टुणुक'मुळे, पण श्रेयनामावलीत 'न' आहे.

---

हार्मोनियम_काळी_दोन

गायिकेसाठी. चाल अवघड नाही, म्हणूनच फसते. मूळ गाण्यात हरकती जवळजवळ नाहीत. रिकामी जागा दिसली की आपण मुरकी भरतो, आणि पत्र लिहिता लिहिता मनाशी बोलणारी बाई जाऊन मैफल उभी राहते. पहिले आठ दिवस सरळ स्वरांतच म्हणायला सांगा.

उच्चारांवर जास्त मेहनत लागेल. 'अफसाना'तला फ ओठ मिटून फुटणारा नाही. खालचा ओठ वरच्या दातांना टेकवून हवा जाऊ द्यायची. 'इंतज़ार'मधला ज़ आपल्या 'जहाज'मधल्या ज सारखा वाटतो, पण तसा नाही : आपल्या ज मध्ये आधी बारीकसा द असतो, जीभ टेकून सुटते. इथे जीभ टेकवायचीच नाही, 'स' म्हणताना घशातून आवाज द्यायचा. 'बेक़रार'चा क़ घशात, पडजिभेपाशी. तो जमला नाही तर साधा क चालेल, ओढून ताणून ख करण्यापेक्षा बरा. आणि 'दिल-ए-बेक़रार' हे 'दिल, ए बेकरार' असं तोडू नये. 'दिले'पर्यंत एक, मग 'बेक़रार', श्वास कुठेही मध्ये नाही. श्वास 'लिख रही हूँ' नंतर.

पट्टी मूळ तबकडीची धरू नका, गायिकेच्या बोलण्याच्या आवाजाला जवळची धरा. वर ताणली की गाणं विनवणीचं होतं. माइक तोंडापासून वीतभर लांब आणि जरा तिरका, म्हणजे 'फ'ची फुंकर त्यात आदळत नाही. साथीला हार्मोनियम आणि तबला पुरे.

---

रविवारचा_श्रोता

मनापासून आभार, तिघांचेही. अजून एक : हक्कांचं काय? प्रवेश विनामूल्य आहे. चित्रीकरण यूट्यूबवर टाकायचा विचार आहे.

---

तबकडी_७८

ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं, म्हणजे 'दर्द'च्या तबकड्यांचा २००७ अखेर संपला. चित्रपटांनाही ६० वर्षंच, 'मिस्टर अँड मिसेस ५५'चे २०१५ अखेर संपले. पण शब्द आणि चाल यांचे हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतात. शकील १९७० साली गेले, त्यांचे शब्द २०३० अखेरपर्यंत. नौशाद २००६ साली गेले, त्यांची चाल २०६६ अखेरपर्यंत. तेव्हा प्रत्यक्ष गाण्यासाठी आयपीआरएसकडे (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणारी संस्था) चौकशी करून ठेवा. विनामूल्य आणि नफ्यासाठी नसलेल्या कार्यक्रमांना कायद्यात काही सवलती आहेत, त्या तुमच्या संस्थेला लागू होतात का हे त्याच वेळी विचारा. रंगीत केलेल्या प्रती वापरू नका. त्यांवर नवे दावे असतात, आणि चेहरेही मेणाचे दिसतात.

यूट्यूबवर टाकताना मूळ गाणी आणि चित्रपटांचे तुकडे कापून फक्त निवेदन ठेवा. तिथली यंत्रणा सन बघत नाही, आवाज जुळला की दावा लावते. गायिकेचं गाणं टाकायचं असेल तर स्वतंत्र फीत करा, म्हणजे दावा आलाच तर तेवढ्यावरच येईल. माहितीच्या पाटीवर निधनाची तारीख २४ नोव्हेंबर २००३, मुंबई, अशी घाला. शेवटचा चित्रपट 'कसम धंदे की', १९९०.