खाली ओढणारा प्रवाह: धोका खरा किती?

दांडियाबाजारची आई: मुलगी बडोद्याहून पुढच्या महिन्यात बालीजवळच्या नुसा पेनिडाला डायव्हिंगला चालली आहे. पंचवीसेक डाइव्ह झाल्यात तिच्या. तिथला प्रवाह माणसाला खाली खेचतो म्हणे. मला झोप नाही. खरंच कितपत धोका?

रावपुऱ्याची मावशी: ताई, तिथल्याच क्रिस्टल बे या खाडीत मी हे अनुभवलंय. माझेच बुडबुडे वर जायचे सोडून मास्कसमोरून खाली चालले होते! कान दडपले, खोली १८ मीटरची २६ कधी झाली कळलंच नाही. गाईडने खूण केली, तसे आम्ही खडकाला धरून आडवे सरकलो. सरळ वर झुंजायचं नाही, दम तिथेच संपतो. ३० मीटरवर हवा पृष्ठभागापेक्षा चौपट लागते. तरंगायच्या जॅकेटमध्ये वर येण्यासाठी हवा भरली असेल तर प्रवाह सुटताच काढायची, नाहीतर माणूस बुचासारखा वर उसळतो आणि फुप्फुसांना इजा होते.

दांडियाबाजारची आई: बुडबुड्यांचं आत्ताच सांगते तिला. गाईड तिथलाच घ्यावा ना?

रावपुऱ्याची मावशी: तिथलाच. आणि तो म्हणाला ‘आज नको’, तर पैसे गेले तरी उतरायचं नाही.