विषय: गणपतीच्या खोक्यातील बिस्किटे आणि ११०१ हा आकडा

प्रेषक: मेधा (खरेदी, सध्या मुक्काम नौपाडा)

सर्वांस नमस्कार.

परदेशातल्या आपल्या मंडळाच्या गणपतीसाठी पाठवायचे खोके परवा सायंकाळी न्यायला येणार आहेत आणि खाऱ्या बिस्किटांचे २४ पुडे अजून माझ्या बैठकीच्या खोलीत बाजूला ठेवलेले आहेत, कारण पुड्यामागचा मजकूर वाचल्याशिवाय एकही पुडा भरायचा नाही, असा दंडक सुमनताईंनी घालून दिला आहे. पुड्यावर हिरवी खूण आहे, परवान्याचा १४ अंकी क्रमांक आहे; परंतु घटकांमध्ये पीठ सुधारक म्हणून ११०१ हा आकडा आणि त्यापुढे कंसात रोमन दोन असे छापलेले आहे. गोखले रोडवरच्या दुकानदाराला विचारले, तेव्हा ‘ते झाडपाल्याचे एन्झाइम असते, काही होत नाही’ असे उत्तर मिळाले. हे पुडे भरावेत की परत करावेत, ते उद्या रात्रीपर्यंत कळवावे. दुकानदार त्यानंतर माल परत घेणार नाही.

प्रेषक: सुमनताई (शिधा)

मेधा, आकडे वाचलेस हे उत्तम केलेस. पण खरेदीच्या आधी शिधा समितीला यादी दाखवायची असे चैत्रातल्या बैठकीत ठरले होते, याची आठवण करून देणे मला भाग आहे.

‘झाडपाल्याचे आहे, म्हणजे निर्धोक’ हा युक्तिवाद मला मान्य नाही. मंडळाच्या अननसाच्या श्रीखंडाचे काय झाले होते, ते जुन्या सभासदांना सांगायला नको. चक्का घरचा होता आणि अननस ताजा होता, तरी सायंकाळी मांडलेले पातेले रात्री कडू लागू लागले आणि पानातून परत आले. त्या वेळी चक्का आंबट होता असे सांगून दोष माझ्यावर ढकलण्यात आला होता. विनायकराव वाशीला आहेत आणि त्यांचा जन्म याच कामात गेला आहे, तेव्हा त्यांनीच आता लिहावे.

प्रेषक: विनायकराव (वाशी)

सुमनताई, चक्का निर्दोष होता, हे मी तेव्हाही सांगितले होते. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचे विकर असते (शाळेच्या पुस्तकात आपण एन्झाइमला विकर म्हणत असू; सजीवांत रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन) आणि ते दुधातील प्रथिनांचे तुकडे करते. त्यांपैकी काही तुकडे चवीला कडू असतात. अननस साखरेत उकळून, गार करून घातला असता, तर विकर निष्क्रिय झाले असते आणि श्रीखंड दुसऱ्या दिवशीही गोड राहिले असते. डब्यातील अननस चालतो तो याच कारणाने. ताज्या अननसाने जिलेटिनची जेली धरत नाही आणि चायना ग्रासची धरते, त्याचेही कारण हेच आहे, कारण चायना ग्रास हे प्रथिनच नव्हे.

आता पुड्याकडे वळतो. ११०१ हा प्रथिने तोडणाऱ्या विकरांचा क्रमांक आहे आणि खरा अर्थ कंसातील आकड्यात असतो. रोमन एक असेल, तर ते विकर ॲस्परजिलस ओरायझी या बुरशीपासून काढलेले असते. दोन असेल, तर ते पपईचे पापेन. तीन असेल, तर अननसाचे ब्रोमेलेन. मेधाच्या पुड्यात पापेन आहे. हिरव्या पपईला उभ्या चिरा पाडून जो पांढरा चीक गोळा करतात, तो वाळवून आणि शुद्ध करून ते मिळते. मटण लवकर शिजावे म्हणून आपल्याकडे कच्च्या पपईची फोड घालतात, तिचे काम आणि या भुकटीचे काम एकच. कणकेतील ग्लुटेन, म्हणजे गव्हातील प्रथिन, फार चिवट असेल, तर बिस्कीट लाटताना आक्रसते आणि भट्टीत वेडेवाकडे होते. अत्यल्प पापेनने तो चिवटपणा मोडतो. त्यानंतर भट्टीच्या उष्णतेत पापेन स्वतः निकामी होते. इतर अनेक विकरांपेक्षा ते उष्णता अधिक सोसते, साठ-पासष्ट अंशांना तर जोमाने काम करते. पण बिस्किटाच्या भट्टीपुढे त्याचा निभाव लागत नाही.

ठाणे-बेलापूर मार्गावरील एका कारखान्यात मी गुणवत्ता तपासणीत होतो. तेथे या भुकटीचा डबा उघडताना तोंडाला मुसके बांधणे सक्तीचे होते, कारण पापेनची किंवा बुरशीजन्य अमायलेजची (पिष्ट तोडणाऱ्या विकराची) धूळ वारंवार श्वासातून गेल्यास कामगाराला दमा जडू शकतो. जोखीम आहे ती मुख्यतः तेथे, डबा उघडणाऱ्याला. भाजलेले बिस्कीट खाणाऱ्याचा प्रश्न वेगळा आहे.

ज्याला आपण सरसकट ‘वनस्पतीचे’ म्हणतो, त्यातील बराचसा भाग बुरशी, यीस्ट किंवा जीवाणू यांचा असतो, हेही ध्यानात ठेवावे. पावातील अमायलेज बहुधा बुरशीचे असते आणि लॅक्टोजमुक्त दुधातील लॅक्टेज, म्हणजे दुधातील साखर तोडणारे विकर, बहुधा यीस्टचे. शाकाहाराच्या दृष्टीने दोन्ही चालतात, हिरवी खूणही नियमानुसार मिळते. पण दुकानदाराचे वाक्य शास्त्रशुद्ध नव्हे.

प्रेषक: अण्णा

विनायकरावांचे विवेचन नेहमीप्रमाणे उत्तम आहे, परंतु बिस्किटांपेक्षा चीजचा विचार आधी व्हायला हवा. समितीने सत्यनारायणाच्या दिवशी मुलांसाठी चीजचे सँडविच ठरवले आहेत आणि चीज येथल्या दुकानातून घेतले जाणार आहे. येथील वेष्टनावर नुसते ‘रेनेट’ (दूध फाडणारे विकर) असते, भारतातल्यासारखी हिरवी किंवा तपकिरी खूण नसते. ते वासराच्या जठरातील आहे की नाही, हे कसे ओळखायचे?

प्रेषक: विनायकराव (वाशी)

अण्णा, नुसते ‘रेनेट’ असेल, तर उत्पादकाला विचारल्याशिवाय घेऊ नका. काही नामांकित चीजच्या बाबतीत विचारण्याचेही कारण नाही. उदाहरणार्थ, इटलीच्या पार्मिजानो रेज्जानोला वासराचे रेनेट नियमानेच बंधनकारक आहे. याउलट पोर्तुगालच्या सेरा दा एस्ट्रेला या चीजसाठी कार्डून नावाच्या काटेरी झाडाच्या फुलांनी दूध फाडतात, आणि ते खरोखरचे वनस्पतिजन्य विकर. आपल्याकडेही पनीरडोडी या झुडपाची फळे त्याच कामाची आहेत. मात्र बाजारातील पुष्कळसे चीज सूक्ष्मजीवांकडून करवून घेतलेल्या कायमोसिनचे (रेनेटमधील मुख्य विकराचे) असते, ज्याला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९० मध्ये मान्यता दिली. त्यातील जनुक मूळचे वासराचे आहे, पण वासराला हात लागत नाही. सोवळ्यात ते बसते की नाही, हे मला विचारू नका. ‘मायक्रोबियल’ किंवा ‘शाकाहारींसाठी योग्य’ असे छापलेले घ्यावे. काही चीजमध्ये ११०५, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्यातील लायसोझाइम हे विकर, असते, तेही पाहावे.

प्रेषक: अमृता

चीजचा विषय चालू असताना मध्येच लिहिते, क्षमस्व. माझ्या मुलाला रबराच्या फुग्यांची ॲलर्जी आहे आणि डॉक्टरांनी केळे, किवी, ॲव्होकाडो यांबरोबर पपईही टाळायला सांगितली आहे. पापेन भट्टीत निकामी होते, असे विनायकरावांनी लिहिले आहे. मग त्याने ही बिस्किटे खाल्ली तर चालेल का? पुड्यावर ॲलर्जीची ठळक ओळ असते, तीत पपईचा उल्लेख असेल का?

प्रेषक: विनायकराव (वाशी)

अमृता, त्याला ही बिस्किटे देऊ नये. निकामी होणे म्हणजे विकराचे काम थांबणे. ते प्रथिन नाहीसे होत नाही, आणि ॲलर्जी असलेल्या शरीराला मोडलेले प्रथिनही कधी कधी ओळखता येते. रबराच्या ॲलर्जीच्या सर्वांनाच पपईचा त्रास होतो असे नाही, परंतु तुमच्या डॉक्टरांनी ती स्पष्ट वर्ज्य केली आहे. त्या ठळक ओळीत गहू, दूध, अंडी, शेंगदाणे, सोया अशी ठरावीक नावे असतात. पपई भारताच्या यादीत नाही आणि युरोपच्या १४ नावांतही नाही. शिवाय जे विकर केवळ प्रक्रियेपुरते वापरले आणि तयार पदार्थात ज्याला काही काम उरले नाही, ते घटकांत छापण्याची सक्ती बहुधा नसते. म्हणून आकडा छापलेला नाही, एवढ्यावरून विकर वापरलेच नाही असे समजू नये.

प्रेषक: सुमनताई (शिधा)

मग तोंडी सांगून भागणार नाही. शिधा समितीच्या वतीने कळवते की पुडे भरावेत, पण स्वतंत्र खोक्यात, आणि खोक्यावर ‘पपईचे पापेन’ असे मराठीत व इंग्रजीत लिहावे. मुलांच्या पंगतीत ही बिस्किटे वाढायची नाहीत. अमृताच्या मुलासाठी घरची नाचणीची बिस्किटे मी करीन. चीजचे अण्णांनी पाहावे. श्रीखंड यंदा आंब्याचे.

प्रेषक: मेधा (खरेदी, सध्या मुक्काम नौपाडा)

२२ पुडे वेगळ्या खोक्यात भरले आहेत आणि चारही बाजूंना जाड शाईने लिहिले आहे. उरलेले दोन पुडे घेऊन दुकानदाराकडे पुन्हा गेले होते, कारण त्यांवर कंसात दोनऐवजी एक छापलेले आढळले. नाव तेच, वेष्टन तेच, फक्त तुकडी वेगळी. ते परत केले आहेत. खरेदीची यादी पुढील वर्षी आधी शिधा समितीकडे येईल, पण ती जुलैच्या सुरुवातीला वाचून परत यावी, ही माझी अट आहे.