रोज ध्यानाला बसणं सुरू आहे, पण तिसऱ्या आठवड्यात डुलकी आणि चिडचिड. चुकतंय कुठे?

कोरी पाटी:
सकाळी २० मिनिटं डोळे मिटून श्वासाकडे लक्ष आणि रात्री दिवसाची उजळणी, असा क्रम आहे. आता दहाव्या मिनिटाला मान खाली जाते, डावा पाय बधिर होतो आणि उजळणीत नुसत्या चुकाच दिसतात. वेळ वाढवावी, पद्धत बदलावी, की थोडे दिवस थांबावं?

उंबरठा:
वेळ वाढवू नका, उलट तोडा: १०-१० मिनिटं दोनदा.

डुलकीचं आधी साधं कारण बघा. रात्रीची झोप अपुरी असेल तर शरीर तिथे थकबाकी वसूल करतं. त्यात अध्यात्म शोधू नये. झोप पुरेशी असूनही मान पडत असेल तर डोळे अर्धवट उघडे ठेवा, नजर समोर दीडेक मीटरवर जमिनीला. बाहेर जाणारा श्वास मोजा, १ ते १०, मग पुन्हा १. मोजणी तीनवरच हरवली तर मन भटकलंय. सतरावर पोहोचलात तर तोंड मोजतंय आणि तुम्ही तिथे नाही आहात. अशा वेळी १० पासून उलटं मोजा.

पाय बधिर होतो तो मुख्यतः नस दबल्यामुळे. गुडघे कमरेच्या वर राहिले की पाठीला पोक येतो. १० ते १५ सेंटीमीटर उंचीची घट्ट उशी घ्या, तिच्या पुढच्या अर्ध्या भागावरच बसा. गुडघे जमिनीला टेकले पाहिजेत; अधांतरी असतील तर खाली चादरीची घडी सारा. आणि बधिर पायावर ताडकन उठू नका, घोटा मुरगळतो.

मंदसप्तक:
पद्धत बदलायचं म्हणताय, तिथे थांबा. पतंजलींच्या योगसूत्रांत (१.३०) अडथळ्यांच्या यादीत ‘स्त्यान’, म्हणजे मनाचा जडपणा, आहे. पुढच्याच सूत्रात ‘दौर्मनस्य’, मन खट्टू होणं. म्हणजे तुमची डुलकी आणि चिडचिड दोन्ही तिथे शेजारी-शेजारी बसलेल्या आहेत! त्यावर १.३२ मध्ये उपाय एकच: एका तत्त्वाचा अभ्यास, म्हणजे एकच आधार धरून सराव. दर पंधरवड्याला नवी पद्धत धरणाऱ्याची विहीर कधीच पाण्याला लागत नाही.

उजळणीत मात्र क्रम चुकतोय. सोळाव्या शतकात जेझुइट या ख्रिस्ती संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिलेल्या आत्मपरीक्षणात पहिली पायरी कृतज्ञतेची आहे, दिवसाचा हिशोब तिसरी. चुकांपासून सुरुवात केली की रोज रात्री कोर्ट भरतं, आणि आरोपीही आपणच. ५ मिनिटं, तीन ओळी पुरेत: काय मिळालं, मन कुठे आखडलं, उद्या एक कोणती गोष्ट. नेमकं लिहा. ‘आज खूप राग आला’ याचा उपयोग नाही. ‘फोन ठेवल्यावर जबडा आवळलेला होता, तासाभराने लक्षात आलं’ याचा आहे, कारण उद्या जबडा अर्ध्या तासात कळेल.

काठावरून:
वरचं सगळं पटतं, पण ध्यानातला रुक्षपणा आणि उदासी यांतला फरक सांभाळा. रुक्षपणा बहुधा बसण्यापुरता असतो. उठल्यावर कामात, माणसांत रस वाटतो. उदासी दिवसभर, जवळपास रोज, दोन आठवडे टिकली, झोप-भूक बिघडली, आवडीचं काही नकोसं झालं, तर ते डॉक्टरांचं काम आहे. जगणंच नको वाटलं तर दोन आठवडेही थांबू नका. आणि कुणाशी राहिलेलं भांडण किंवा दुःख टाळायला डोळे मिटत असाल तर तेही तपासा. जॉन वेलवूड या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात याला नाव दिलं, अर्थाने ‘अध्यात्माची पळवाट’. बसून उठल्यावर माणसं जास्तच नकोशी होतात का, हे त्याचं ओळखू येणारं लक्षण.

कोरी पाटी:
रस आहे, फक्त बसतानाच कोरडं वाटतं. खुर्ची चालेल का? पाठ टेकायची?

उंबरठा:
चालेल. पावलं पूर्ण टेकलेली, बसायचं पुढच्या निम्म्या भागावर, पाठ मोकळी. पाठदुखी असेल तर खुशाल टेका, फक्त कमरेच्या पोकळीत टॉवेलची गुंडाळी ठेवा, नाहीतर पुन्हा घसरत पोक येतो आणि डुलकी परत.