कमी छपाई असेल तर इंक टँक घ्यावा का?

महिन्याला वीस-पंचवीस पानंच छापायची तर इंक टँक (बाटलीतली शाई टाकीत भरायचा प्रिंटर) घ्यावा का, असं वर विचारलंय. फक्त काळी छपाई असेल तर मी सरळ लेझर घ्या म्हणेन. टोनर ही कोरडी पूड, ती पडून राहिली तरी सुकायचा प्रश्न नाही. मुलांचे प्रोजेक्ट, रंगीत चित्रं असतील तर मात्र इंक टँकच.

घेताना काळी शाई पिगमेंट (बारीक रंगकणांची) आहे की डाय (विरघळलेल्या रंगाची), हे विचारा. डायच्या पानाला ओलं बोट लागलं की अक्षरं पसरतात. आणि प्रिंटहेड (कागदावर शाई सोडणारा भाग) घरी बदलता येतं का, तेही बघा. एचपी स्मार्ट टँकमध्ये येतं. एप्सनचं हेड टिकाऊ असतं, पण बिघडलं तर सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा, दिवा विझेपर्यंत थांबा, मगच भिंतीवरचं बटण. तेवढ्या वेळात हेड कडेला जाऊन रबरी टोपीवर बसतं, म्हणून नोझल (शाई सोडणारी बारीक छिद्रं) सुकत नाहीत. छपाई चालू असताना थेट मेन बंद केला तर हेड उघडंच राहतं. आपल्याकडे निम्मे प्रिंटर यातच खराब होत असावेत!

आठवड्यातून एक चाररंगी पान काढाच. रेघा तुटल्या तर आधी नोझल चेक (तपासणीचं नमुना पान), मग एकदा-दोनदा क्लीनिंग (हेड साफ करायची प्रिंटरमधलीच सोय). तरी सुधारलं नाही तर रात्रभर थांबून पुन्हा बघा. सारखं क्लीनिंग नको, ती सगळी शाई वेस्ट पॅडमध्ये (वाया गेलेली शाई शोषणाऱ्या गादीत) जाते आणि पॅड भरलं की प्रिंटर अडून बसतो.