मदत हवी आहे: चार एकर सोयाबीन, दोन गाई, सहा शेळ्या. विमा कशाचा उतरवू?

मंडळी, राम राम.

गाव परंडा तालुक्यात, सीनेच्या काठाला. मी भोसरीला कामाला, शेत आणि गोठा अण्णा बघतात. खरीप तोंडावर आलाय आणि विम्यावरून आमचा रोज फोनवर वाद चाललाय.

एक रुपयात विमा होता तेव्हा दोन्ही वर्षं भरला. 2025 ला परत विम्याच्या रकमेच्या 2 टक्के हप्ता झाला, तेव्हा अण्णा म्हणाले, "रुपयात होता तेव्हा कुठं दिवे लागले?" नाही भरला. त्याच सप्टेंबरात सीना रानात शिरली. पाणी ओसरल्यावर मी गेलो तर उभ्या झाडावर शेंगेतच मोड आलेले. हाताला शेंग लावली की चिखलासारखी फुटायची. बांधाशेजारच्या काकांनी विमा भरला होता, त्यांनी 72 तासांत तक्रार करायची धडपड केली. तर उत्तर मिळालं, असल्या नुकसानीची वैयक्तिक तक्रार आता धरतच नाहीत. मग विमा कसला, असं अण्णांचं म्हणणं, आणि मला त्यावर उत्तर नाही.

दुसरं दुखणं गाईचं. कर्जातून घेतलेली, विमा उतरवलेली एचएफ (विदेशी जातीची) गाय गोचीड तापानं गेली. मेली त्या दिवशी कानात बिल्ला नव्हता. गव्हाणीच्या पत्र्यात अडकून महिनाभर आधीच तुटला होता, कानाची पाळी फाटलेली स्पष्ट दिसत होती. अण्णांनी बिल्ला खिशात जपून ठेवला होता हो! कंपनीच्या माणसानं तो बघितला आणि दावा फेटाळला.

तर सोयाबीनला यंदा पैसे घालावेत का? आणि राहिलेल्या दोन गाई नि शेळ्यांसाठी सरकारी योजना आहे का, की दवाखान्यात फक्त "टार्गेट संपलं" ऐकायला मिळतं? हात आखडता आहे, सगळ्याचा विमा एकदम जमणार नाही.

काळी माती लिहितात:

दादा, माझं सेवा केंद्र आहे, रोज हेच समजावतो. पीक विमा तुमच्या रानाचा नसतो, महसूल मंडळाचा, म्हणजे आसपासच्या गावांच्या गटाचा असतो. गेल्या 7 वर्षांतल्या चांगल्या 5 वर्षांची मंडळाची सरासरी काढतात, तिचे 70 टक्के म्हणजे उंबरठा उत्पन्न. समजा सरासरी हेक्टरी 20 क्विंटल, तर उंबरठा 14. कापणी प्रयोगात (काही रानं कापून उत्पन्न मोजतात त्यात) मंडळाचं 7 निघालं तर संरक्षित रकमेच्या निम्मे मिळतात. पण मंडळाचं 15 आलं आणि तुमचं एकट्याचं शून्य, तरी भरपाई शून्य. 2025 ला आपल्या राज्यानं एकेकट्याच्या नुकसानीची नि बाकीची कलमं काढून एवढंच ठेवलं, म्हणून तुमच्या काकांचं तसं झालं.

तरी मी भरा म्हणेन. सीनेला पूर आला तर एकट्याचं रान बुडत नाही. संरक्षित रक्कम हेक्टरी 50 हजार धरली तर चार एकराला हप्ता साधारण 1600 रुपये. शेतकरी ओळख क्रमांक काढून ठेवा आणि ई-पीक पाहणी (मोबाईलवरून पिकाची नोंद) अण्णांकडून वेळेत करून घ्या. अर्जात सोयाबीन नि पाहणीत तूर असलं की संपलं. केंद्रवाल्याला अर्जामागे 40 रुपये कंपनीच देते, वर मागितले तर देऊ नका. (माझ्याच धंद्याच्या मुळावर उठलोय, पण असो.)

रानडुकरं, हरणं यांच्या नुकसानीचं कलम खरीप 2026 पासून आणायचं केंद्र सरकारनं नोव्हेंबर 2025 ला जाहीर केलंय. ते राज्याच्या अधिसूचनेत आहे का, ते बघूनच विश्वास ठेवा. पाण्यात बुडण्याचं कलमही परत आणलंय, पण भाताला. सोयाबीनवाल्यांनी हुरळून जाऊ नये.

गोठेवाला, संगमनेर:

बिल्ला खिशात ठेवणं ही अर्ध्या महाराष्ट्राची चूक आहे, अण्णांना रागावू नका. बारा आकडी बिल्ला हीच जनावराची ओळख. तुटला की त्याच दिवशी डॉक्टरांकडून नवा मारून घ्यायचा आणि नवा नंबर कंपनीला लेखी कळवून पोच घ्यायची. एवढी एक चिठ्ठी असती तर तुमचा दावा बसला असता.

राष्ट्रीय पशुधन अभियानात 2024 पासून विम्याच्या हप्त्यातला शेतकऱ्याचा हिस्सा 15 टक्के केलाय. हप्ता 3000 असेल तर तुम्हाला 450. दहा शेळ्या म्हणजे एक पशुधन एकक, आणि घरटी 10 एककांपर्यंत चालतं. टार्गेट, म्हणजे ठरवून दिलेला जनावरांचा आकडा, संपतं हे खरं आहे, म्हणून दवाखान्यात आताच नाव लावून ठेवा. पॉलिसी निघाली की पहिले दोन-तीन आठवडे आजारानं दगावलं तर पैसे नाहीत, हेही ध्यानात असू द्या. आणि जनावर मेलं तर शवविच्छेदन झाल्याशिवाय पुरायचं नाही, कितीही वास सुटू दे. बिल्ल्यासकट कानाचा फोटो, मग खड्डा.

पुरात वाहून गेली तर सरकार दुभत्या जनावराला 37,500 आणि शेळीला 4000 देतं. गोचीड तापाला यातलं काही नाही. म्हणून पैसे कमी असतील तर आधी गाई.

धागाकर्ता:

दोघांचेही आभार. आता अण्णांशी बोललो. गाई नक्की, सोयाबीनचंही "बघू" वर आलेत, म्हणजे निम्मं काम झालं. शेळ्यांना मात्र साफ नाही म्हणतात. बिल्ला मारलेली शेळी कर्जाची समजून बाजारात गिऱ्हाईक भाव पाडून मागतं, असं त्यांचं म्हणणं. बार्शीच्या बाजारात शेळ्या विकणारं कुणी आहे का इथं? खरंच असं होतं का?